सत्तावीस सरदार आणि एक दासी

कतारमधल्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधीच्या वर्षात दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळींमध्ये एक नवा दागिना निघाला होता. सोन्याचा नव्हे, नायलॉनचा. गळ्यात अडकवायची रंगीत पट्टी आणि तिच्या टोकाला फोटो असलेलं कार्ड. कुणाचा नवरा स्टेडियमच्या कामावर, कुणाचा ट्रामच्या, कुणाची मुलगी स्वयंसेवक म्हणून निवडलेली, आणि ज्याच्या त्याच्या गळ्यात आपापल्या रंगाची पट्टी. कामाच्या जागी ते ठीकच होतं. पण लोक ती पट्टी घालून किराणा आणायला जायला लागले. चैत्रातल्या हळदीकुंकवाला एक बाई मंगळसूत्राच्या वर पट्टी घालून आल्या, तीही नवऱ्याची. खाली पैठणी, वर मिशीवाला फोटो. मी अत्तर लावता लावता म्हटलं, हे गृहस्थ तुमच्या गळ्यात पडलेत ते कायमचेच दिसतात. बाईंना ते कौतुक वाटलं. त्यांनी कार्ड सरळ करून मला नीट दाखवलं.

माझा स्वभावच तसा, काय करू. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझी आई म्हणायची, आणि हातात पेन्सिल असली की ती माझ्या जिभेच्याही पुढे धावायची. लग्नाआधी मी नाशिकला शाळेत चित्रकला शिकवायचे. तिथे शिक्षकांच्या खोलीत एकदा मुख्याध्यापकांचं व्यंगचित्र काढलं आणि पुढची दोन वर्षं स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवत बसले. तरी अक्कल आली नाही. नवऱ्याला दोह्याशेजारच्या लुसैल या नव्या शहरातल्या उंच इमारतींना काचा बसवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही जवळच्याच उम्म सलाल मोहम्मद गावातल्या एका कंपाउंडमध्ये, म्हणजे भिंतीआडच्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. इथे मला काम नव्हतं, पण डोळे होते.

पट्ट्यांच्या त्या वर्षीच नवऱ्याच्या इंग्रज साहेबाने ऑफिसात सगळ्यांना एकेक टेबलावरचं कॅलेंडर वाटलं. त्यात दर महिन्याला एक जुनं विलायती व्यंगचित्र. दोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या फॅशनेबल लोकांची टर उडवायला छापलेली चित्रं होती ती. एका पानावर एक छानछोकी गृहस्थ, त्याची कॉलर इतकी उंच की शेजारून बायको चालली आहे हेही त्याला दिसत नाही. एका पानावर एका बाईची टोपी एवढी मोठी की तिच्याखाली तीन माणसं पावसापासून लपलीत. नवऱ्याने ते कॅलेंडर फ्रिजवर ठेवलं आणि विसरला. मी मात्र रोज चहा करताना एकेक चित्र वाचत असे, हो, वाचतच असे. त्यातली युक्ती माझ्या लक्षात आली. माणूस ज्या एका गोष्टीचा तोरा मिरवतो तीच तेवढी फुगवायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं. मग माणूस आपोआप उघडा पडतो.

आता तुम्हीच सांगा, डोक्यात ही युक्ती आणि डोळ्यांसमोर आमचं मराठी मंडळ. माझा काय दोष?

त्या दिवाळीच्या कार्यक्रमाची मीटिंग अध्यक्षीणबाईंच्या व्हिलात होती. अध्यक्ष त्यांचे यजमान, गॅस कंपनीतले मोठे अधिकारी. पण मंडळ चालवायच्या त्या, म्हणून मी त्यांना अध्यक्षीणबाई म्हणते. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं आणि त्यांच्या हॉलमध्ये एसी असा की बायका घरून शाली घेऊन आलेल्या. त्यातही कुणाची शाल काश्मिरी आणि कुणाची नुसती शाल, हे कळावं म्हणून एसी तसा ठेवतात, असं माझं प्रामाणिक मत आहे.

अध्यक्षीणबाईंनी जाहीर केलं की यंदा थीम आहे, 'उत्तर पेशवाईतली एक संध्याकाळ'. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं पुणं, तिथला उच्चभ्रू समाज, दरबार, दागिने, शालजोड्या. स्टेजवरून एकेक सरदार आणि सरदारीण चालत येणार, निवेदक त्यांचं वर्णन करणार, शेवटी सगळ्यांचा एकत्र दरबार. मी मनात म्हटलं, अगदी माझ्या कॅलेंडरचीच वर्षं. तिकडे लंडनात कॉलरी वाढत होत्या, इकडे पुण्यात पगड्या.

मग भूमिका वाटायला सुरुवात झाली, आणि जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येकाच्या घराण्यात जहागिरी निघाली. एकाच्या सासऱ्यांच्या पणजोबांना पाच गावं इनाम होती. दुसऱ्याच्या आजोळी हत्ती होता. हत्ती म्हटल्यावर तिसऱ्याने दोन हत्ती सांगितले. एक जण आयटीतला, त्याचे वडील जळगावला पोस्टात होते हे मला पक्कं ठाऊक. त्याने घोडदळ काढलं. अर्ध्या तासात त्या हॉलमध्ये एवढी गावं वाटली गेली की रयतेला राहायला जागा उरली नसती. शेवटी यादी मोजली तर सरदार-सरदारणी मिळून सत्तावीस आणि पालखीला, पंख्याला, दिवटीला, पाणी द्यायला कुणी म्हणजे कुणी नाही.

भालदार-चोपदारांचा प्रश्न अध्यक्षीणबाईंनी चुटकीसरशी सोडवला. सहा-सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेले दोन अविवाहित तरुण होते, जेवणासाठी म्हणून मंडळात यायचे. त्यांना काठ्या दिल्या. ते खूश, त्यांना जेवण नक्की झालं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, "मला बी घ्या की यंदा."

ती माझी मैत्रीण. आमच्याच कंपाउंडमध्ये तळमजल्यावर राहायची, मूळची परभणीकडची, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणायचे. मी इथे आले तेव्हा कुठल्या दुकानात मेथी मिळते इथपासून ते टॅक्सीवाल्याशी कसं बोलायचं इथपर्यंत सगळं तिने मला शिकवलं. सात वर्षांत एक दुपार अशी गेली नसेल की मी तिच्या पोळपाटासमोर बसले नाही. तिचा नवरा लुसैलच्या स्टेडियमवर खुर्च्या बसवणाऱ्या टोळीचा फोरमन. खुर्च्या बसवून होत आल्या होत्या आणि कॉन्ट्रॅक्टही. पहिली मॅच सुरू व्हायच्या आत ते कुटुंब कायमचं परभणीला परत जाणार होतं. ज्या खुर्च्या त्याने हाताने घट्ट केल्या त्यांवर कोण बसतंय हे तो गावी टीव्हीवर बघणार होता.

मंडळात ताईची जागा ठरलेली: स्वयंपाकघर. पुरणपोळ्या तीच करायची, सव्वाशे-दीडशे. तिच्यासारखी पोळी मी नाशकातही खाल्ली नाही. बायका म्हणायच्या, काय हात आहे हो तुमचा! आणि तो हात त्यांनी सात वर्षं स्वयंपाकघराबाहेर येऊ दिला नाही. ती स्टेजवर कधी गेली नव्हती. तिच्या बोलण्यातलं 'हाय' आणि 'लई' ऐकून एकदोघी एकमेकींकडे बघायच्या, ते तिला कळायचं, आणि म्हणून ती तिथे कमीच बोलायची.

ती बोलली तेव्हा सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. मग अध्यक्षीणबाई गोड हसल्या. "अगं हो, खरंच की! दासी हवीच होती आपल्याला. माझ्यामागे मोरचेल घेऊन उभं राहायला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. येताना गाडीत मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवरा गाडी चालवत होता, त्याने निमूटपणे रेडिओ लावला. मागच्या सीटवर ताई तिच्या मुलीशेजारी बसली होती. ती खिडकीबाहेर बघत होती, आणि मला वाटलं तिला अपमान लागलाय. आम्ही उतरलो तेव्हा तिने मला हळूच विचारलं, इरकल नेसू की लग्नातला शालू? दासी शालू नेसत नसतील ना? पण बाई, एकदाच तर जायचंय. तिची तेरा वर्षांची मुलगी, जिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर मात्र इंग्रजीतच येतं, म्हणाली, "सीरियसली, मॉम?" आणि तरी हसली. ताईने सांगितलं, तिच्या नवऱ्याने त्या दिवसाची सुट्टी आत्ताच मागून ठेवलीय. बायकोला स्टेजवर बघायला.

हे सगळं मी ऐकलं. कानांनी ऐकलं. पण माझ्या डोक्यात त्या वेळी फक्त अध्यक्षीणबाई होत्या. ताईला एकदा चारचौघांत, उजेडात चालायचं होतं, दासी म्हणून का होईना. तिच्या दृष्टीने एवढीच गोष्ट होती. ती मला त्या संध्याकाळी दिसलीच नाही.

दोन दिवसांनी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला की कार्यक्रमपत्रिकेसाठी एक चित्र हवंय, पेशवाईचं, जरा गमतीशीर. गमतीशीर! त्यांनीच हातात कोलीत दिलं. मी दुपारी टेबलावर मोठा कागद पसरला आणि ठरवलं, बाईंना आता दोनशे वर्षं पुरेल असं काढते.

चित्र असं होतं. मधोमध एक सरदारीण. नाकात नथ, नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसा. एकेक मोती कलिंगडाएवढा, आणि नथीचं वजन नाकाला पेलेना म्हणून वरून लुसैलच्या साइटवरची क्रेन हूक लावून ती उचलून धरतेय. गळ्यात ठुशी, चिंचपेटी, मोहनमाळ, आणि सगळ्यांच्या वर ती नायलॉनची पट्टी. पट्टीला लटकलेलं कार्ड दरवाजाएवढं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत, 'सर्वत्र प्रवेश'. मागे रांगेत सरदार, प्रत्येकाची पगडी पुढच्याच्या पगडीपेक्षा हातभर उंच, आणि शेवटच्या सरदाराच्या पगडीला विमानांनी धडकू नये म्हणून लाल दिवा. पालखी जमिनीवर, कारण आत सगळे बसलेत आणि उचलायला कुणी नाही. काढताना मी एकटीच हसत होते. चेहरा सगळ्यात शेवटी काढला, मनात अध्यक्षीणबाईंना आणून, एका दमात. ओठ किंचित दाबलेला, मान डावीकडे कललेली, डोळे बारीक करून काहीतरी पारखत असलेले. वाटलं, जमलं. कॅलेंडरच्या बाराव्या महिन्यानंतर तेरावा म्हणून लावावं असं जमलं.

चित्र पाठवलं आणि तासाभरात मंडळाच्या ग्रुपवर हास्याचा पाऊस सुरू झाला. मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसले. पहिला मेसेज अध्यक्षीणबाईंचा. त्यांनी लिहिलं होतं की चित्र फारच गोड आहे, आमच्या पुरणपोळीवाल्या वहिनी अगदी हुबेहूब! दासीचा रोल दिला तर यांना सरदारणीची स्वप्नं! खाली हसून लोळणारे चेहरे, चाळीस-पन्नास.

मला आधी कळेचना. मग मी चित्र पुन्हा उघडलं.

ती ताई होती. शंभर टक्के ताई. पोळी तव्यावर टाकायच्या आधी ती अशीच ओठ दाबते, मान डावीकडे करते, डोळे बारीक करते. सात वर्षं रोज दुपारी तिच्यासमोर बसून माझ्या हाताला ती मान पाठ झाली होती. अध्यक्षीणबाईंकडे मी रागाने बघितलं होतं, पण नीट कधी बघितलंच नव्हतं. त्यांचा चेहरा आठवायला गेले आणि हाताने जो ओळखीचा होता तो काढून दिला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. बरं, नुसता मारुती झाला असता तरी चाललं असतं. ज्या चित्राने मोठ्या लोकांचं हसं व्हायचं होतं, त्याच चित्रात एका साध्या बाईला मी मखरात बसवून हसायला दिलं. बघा, हिला पण वाटतं आपण सरदारीण! लोकांनी ते असंच वाचलं, आणि तसं वाचायला काही फार ओढाताण करावी लागत नव्हती.

मी चपला न घालता खाली गेले. ताईच्या मुलीने दार उघडलं, इंग्रजीत एवढंच म्हणाली की आई किचनमध्ये आहे, आणि माझ्याकडे न बघता आत गेली. ताई ओट्यापाशी उभी होती. तिने शालू काढून इस्त्रीला ठेवला होता, तो पुन्हा घडी करून पिशवीत घातलेला दिसला. मी तोंडाला येईल ते बोलत सुटले. ती तू नाहीस, ती ती बया आहे, तुझ्यासाठीच काढलं होतं, तुला त्या लोकांनी जे केलं त्याचा मला राग आला होता. ती मला पूर्ण बोलू देऊन मग म्हणाली, "मंग तोंड माझं कसं हाय?"

तिने ओट्यावरून फडकं फिरवलं. मग शांतपणे म्हणाली, "राग तुला आला. मला नव्हता आला. मला दासी म्हनले तरी चाललं असतं, मला नुसतं चालायचं होतं. तू मला इचारलंस का?"

मी नाही म्हटलं. खरंच विचारलं नव्हतं. तिच्या वतीने मी भांडण उभं केलं, लढाई केली, आणि त्यात तिलाच आडवी केली. मी एवढी चिडले होते की ती खूश आहे हे मला दिसलं नाही. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला पळून जावंसं वाटतं. त्या दिवशीही मी पळालेच, फक्त पळताना ठरवलं की हे निस्तरायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षीणबाईंच्या व्हिलात गेले. त्यांनी इथला तो दाट, वेलचीचा करक चहा दिला, बशीत बदाम दिले. मी कप खाली ठेवला आणि सरळ सांगितलं की वहिनी, ते चित्र तुमचं आहे, मी तुमच्यावर काढलंय, त्या दुसऱ्या बाईंवर नव्हे. मी अपमान करायच्या तयारीने गेले होते. बाई अशा हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाल्या, "काहीतरीच काय गं. माझी मान कुठे अशी वाकडी आहे?" आणि आरशात जाऊन बघूनही आल्या. वर मलाच समजावलं की तू फार हळवी आहेस, कुणाला वाईट वाटू नये म्हणून स्वतःवर घेतेस, कलाकार असेच असतात. चित्र मागे घ्या म्हटलं तर कळलं की ते आठ फुटी फ्लेक्सवर छापून झालंय, हॉलच्या दारात लागणार. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा तरी मनापासून अपमान केला आणि समोरच्याने तो घेतलाच नाही, अशी माझी गत झाली.

परत येऊन पुन्हा ताईच्या दारात. या वेळी मी तिच्या ओट्यापाशी उभी राहून डाळ निवडायला लागले. निवडता निवडता मी म्हटलं, ताई, तू जा स्टेजवर. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी नको. भावजींनी सुट्टी काढलीय. तिने डाळीतला एक खडा उचलून टाकला. मग म्हणाली, "मी जाते. पन तू बगायचं नाहीस."

मला वाटलं ती रागात बोलतेय. पण नाही, तिने विचार केलेला होता. पोळ्या करून ठेवते, म्हणाली, पण त्या वेळी कुणीतरी आत गरम करायला पाहिजे. ते तू कर. तू पुढं बसलीस की तुझ्या हाताला काहीतरी सुचतंय, आणि ते माझ्या डोक्यात राहतंय. मी कबूल केलं.

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. मी सगळ्यांच्या आधी दोन तास पोचले, सोबत ॲक्रिलिकचे डबे आणि ब्रश. दारात तो आठ फुटी फ्लेक्स उभा. मी स्टूल घेतलं, पांढऱ्या रंगाने चेहरा पुसला आणि त्यावर दुसरा चेहरा काढला. माझा. लांब नाक, चष्मा, बारीक केस, तोंड उघडं आणि त्यातून जीभ बाहेर, हातभर, शेवटाला पेन्सिलीसारखी टोकदार. युक्ती मला ठाऊकच होती, माणूस ज्याचा तोरा मिरवतो ते फुगवायचं. स्वतःवर करताना जरा जड गेलं, पण चित्र खरं झालं. मग एकेक सरदार यायला लागले. थर्मोकोलच्या पगड्या सोनेरी स्प्रे मारलेल्या, काही इतक्या उंच की गाडीतून उतरताना दाराला अडकल्या, आणि त्या अंगरख्यांवरही नायलॉनच्या पट्ट्या. फ्लेक्सपाशी सगळे थांबले, चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पोट धरून हसले. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, मी सांगितलं नव्हतं, ही फार हळवी आहे.

ताई शालू नेसून, वर दुपट्टा घेऊन आली, म्हणजे मला शालू दिसू नये अशी. मोरचेलाचं दांडकं म्हणून तिच्या नवऱ्याने प्लंबिंगचा पाइप कापून दिला होता, त्याला मोरपिसं. ती फ्लेक्ससमोर उभी राहिली, ओठ दाबले, मान डावीकडे केली. म्हणाली, "नाक अजून लांब हाय तुझं." आणि आत गेली. मी स्वयंपाकघरात गेले.

शाळेचं ते स्वयंपाकघर म्हणजे एक खिडकी नसलेली खोली, दोन विजेचे तवे आणि डब्यांत दीडशे पोळ्या. दार लोटलं तरी आवाज सगळा आत यायचा. निवेदक एकेक सरदाराचं वर्णन करत होता, कुणाचे हत्ती, कुणाचं घोडदळ, आणि प्रत्येकाला माफक टाळ्या. मी तूप सोडत होते, पोळी उलटत होते, कान बाहेर. मग अध्यक्षीणबाईंचं नाव घेतलं गेलं, टाळ्या झाल्या, थांबल्या. आणि मग काहीतरी झालं. दुसऱ्या टाळ्या सुरू झाल्या, आधी एका कोपऱ्यातून, मग जास्त, मग शिट्टी. ती शिट्टी खुर्च्या बसवणाऱ्या टोळीची होती, हे मला नंतर कळलं; तिचा नवरा एकटा आला नव्हता, टोळीतली सहा-सात माणसं घेऊन मागे उभा होता. पण टाळ्या फक्त त्यांच्या नव्हत्या. एका मुलीचा आवाज ऐकू आला, "आई! इकडे बघ!" मराठीत.

माझा पाय दाराकडे गेला. दोन पावलं गेला. दाराला बोटभर फट होती, वाकलं असतं तर दिसलं असतं, आणि कुणाला कळलंही नसतं. माझ्या आयुष्यात इतकं बघावंसं मला काहीही वाटलं नाही, कधीच नाही. मी परत फिरले. तव्यावरची पोळी करपली होती.

बऱ्याच वेळाने ताई आत आली. शालू पिशवीत घडी करून, अंगावर रोजचा ड्रेस, फक्त कपाळावर चंद्रकोर राहिली होती. हात धुतले, मला कोपराने बाजूला सारलं, करपलेली पोळी उचलून बघितली आणि बाजूला ठेवली. नवी पोळी टाकली. तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला कळेना. मी आता तिच्या चेहऱ्याकडे एकटक बघायला घाबरत होते. दोन-तीन पोळ्या झाल्यावर मी धीर करून विचारलं, कसं झालं?

"लई भारी झालं," ती म्हणाली. मग तूप सोडत, अगदी साध्या आवाजात, काही लागावं म्हणून नव्हे, "तू म्होरं बसली असतीस ना, तर मला चालताच आलं नसतं."

मी म्हटलं, बरं झालं मग. मनापासूनच म्हटलं. पण मान वर करून तिच्याकडे बघायला मला बराच वेळ लागला.